ओहोटी आणि हजेरी

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी समुद्रावर निदान दोन कविता असतात. त्यांत लाटा असतात, मावळता सूर्य असतो, वाळूत उमटलेली आणि मग पुसली गेलेली पावलं असतात. चप्पल मात्र एकाही कवितेत सापडत नाही. गेल्या दीड वर्षात दादरच्या किनाऱ्यावरून मी जे काही उचललं, त्यांत सर्वांत जास्त वेळा हाताला लागलेली वस्तू म्हणजे चप्पल, आणि तीही नेहमी एकाच पायाची. जोडीतली दुसरी बहुधा वर्सोव्याला निघत असावी. आमच्या कवींनी या विरहावरही एकदा लिहावं अशी माझी नम्र सूचना आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेत मी प्रथम वर्षाला नाव घातलं ते काही फार मोठ्या ध्येयाने नव्हे. प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलीने घातलं, म्हणून मीही घातलं. पुढे सरांनी पहिल्याच व्याख्यानात सांगितलं की ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे, दोन वर्षांत २४०. तासांची नोंद एका वहीत होते. झाडं लावण्याचे तास, रक्तदान शिबिरात रांगा लावण्याचे तास, पथनाट्याच्या तालमीचे तास असे वेगवेगळे रकाने असतात. आमच्या कॉलेजपासून चौपाटी चालत जाण्यासारखी, त्यामुळे माझ्या वहीतला सर्वांत भरलेला रकाना ‘किनारा स्वच्छता’ हाच आहे.

दादरची चौपाटी म्हणजे गिरगाव किंवा जुहू नव्हे. शिवाजी पार्कच्या मागे, इमारती आणि पाणी यांच्यामध्ये उरलेली वाळूची ती एक अरुंद पट्टी आहे. एका अंगाला चैत्यभूमी, दुसऱ्या अंगाला माहीमचा उपसागर. त्या उपसागरात मिठी नदी येऊन मिळते. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते आणि माहीमला पोचेपर्यंत अर्ध्या उपनगराचं सांडपाणी तिच्यात मिसळलेलं असतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी घराघरांत शिरली. ते वर्ष माझ्या जन्माच्या आधीचं. त्या वेळी गटारं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली होती ही गोष्ट आमच्या वस्तीत अजूनही कालची असल्यासारखी सांगतात. पावसाळ्यात नाले जे समुद्राला देतात, ते मोठ्या भरतीला समुद्र परत आणून टाकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे माप जास्त असतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझी आई याच किनाऱ्यावर काम करते. ती कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आहे. सकाळी सहाला मुकादम हजेरी घेतो, दुपारी दोनला सुट्टी. फावडं, पंजा, घमेलं आणि गोणी ही तिची हत्यारं. ती मूळची माण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईत येईपर्यंत तिने एवढं पाणी पाहिलं नव्हतं. तिच्या माहेरी पाण्याचा टँकर आला की तोच सण. पण आज भरतीची वेळ विचारायची झाली तर आमच्या घरात कोणी मोबाईल उघडत नाही. आईला विचारतात.

तिचा हिशेब साधा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमी असेल तर सहाला, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. हा हिशेब तिला माहीमच्या एका कोळीणबाईने शिकवला. आईची शाळा चौथीला सुटली, मात्र पावकी-निमकी-पाऊणकी तिला येते. मला येत नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी असून पाऊणपट काढायला अजून बोटं मोडते.

७ सप्टेंबर २०२५, रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. तिकडे गिरगावला भरतीच्या पाण्यामुळे लालबागच्या राजाचं विसर्जन रखडलं होतं आणि सगळ्या शहराचं लक्ष तिकडे लागलेलं होतं. इकडे दादरला आम्ही चाळीसएक विद्यार्थी पहाटे सहाला हजर होतो. सरांनी वेळ आईला विचारून ठरवली होती, हे मी इथे थोड्या अभिमानाने लिहिते. पौर्णिमा होती, म्हणजे सकाळची ओहोटी अगदी खोल. पाणी इतकं मागे गेलं होतं की एरवी कधी न दिसणारे काळे दगड उघडे पडले होते, आणि त्या सगळ्या उघड्या पडलेल्या जमिनीवर आदल्या रात्रीचा उत्सव पसरला होता. झेंडूच्या माळा, दुर्वा, नारळ, केळीचे खुंट, प्लॅस्टिकची फुलं, मखरांचे पांढरे तुकडे, कापडी पडदे, लाकडी पाट.

आम्ही शहाण्यासारखे वरच्या वाळूत, भिंतीजवळ कामाला लागलो. कचरा तिथेच जास्त दिसत होता, आणि बूटही ओले होणार नव्हते. आईने आपली गोणी खाली ठेवली आणि आमच्याकडे आली. मी मैत्रिणींना म्हटलं, ही माझी आई. सगळ्यांनी हातमोजे घातलेले हात जोडले.

“आगं, वरचं काय उचलताय?” आई म्हणाली. “ते अकरापतुर कुटं जातंय? पानी आत हाय तवर खालचं उचला. खालनं वर या.”

गोष्ट इतकी सरळ होती की आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कपाळाला हात लावला. आम्ही खाली गेलो. तिथे पुढचे धडे मिळाले. वाळूत अर्धं गाडलेलं कापड कधी ओढायचं नाही; ते फाटतं आणि उरलेलं आत राहतं. भोवतालची वाळू आधी मोकळी करायची. गोणी अर्ध्यावर आली की बांधायची, कारण ओल्या वाळूचं वजन उचलताना कळतं आणि दुसऱ्या दिवशी कमरेला जास्त कळतं. थर्माकोल हाताने मोडायचा नाही. त्याचे दाणे सुटले की ते वाळूतून वेचणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. गोणीचं तोंड वाऱ्याकडे करायचं नाही.

मग आमच्यातल्या एका मुलाला गणपतीचा हात सापडला. पीओपीचा, माझ्या दंडाएवढा जाड, आत लोखंडी सळई. त्या वर्षी सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असा उच्च न्यायालयाचा आदेश होता, त्याहून उंच मूर्ती मात्र समुद्रात जात होत्या. तो हात तशाच एखाद्या मोठ्या मूर्तीचा असणार. शाडूची माती पाण्यात विरघळते. पीओपी मात्र जिप्सम होऊन तसंच बसतं, फार तर त्याचे तुकडे पडतात. मुलगा तो हात धरून उभाच राहिला. गोणीत टाकावा तर मन होईना, ठेवावा तर कुठे? आईने एक रिकामी गोणी झटकून वाळूवर अंथरली. त्यावर तिने आधीच चार-पाच तुकडे मांडून ठेवले होते, तोंडं वर करून. त्यांची गाडी वेगळी येते.

“देव हाय,” ती म्हणाली. “कोंबायचा न्हाई.”

आमच्या घरी गणपती बसत नाही. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. मी घरी गेल्यावर तिला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “आपला नसंल. कुनाचा तरी हाय का न्हाई?” एवढंच म्हणाली आणि तव्याकडे वळली.

दहाच्या सुमारास पाणी चढायला लागलं तेव्हा खालची पट्टी आम्ही बरीचशी मोकळी केली होती. इतका थकवा मला आधी कधी आला नव्हता आणि इतकी भूकही लागली नव्हती. आई आणखी चार तास तिथेच होती.

किनाऱ्यावर राबलं की कचरा वाचायला येतो. पाण्याची बाटली तिथे फार काळ टिकत नाही. भंगारवाला तिचे पैसे देतो, म्हणून पहाटेच कोणीतरी ती वेचून नेलेली असते. दुधाची पिशवी, पत्र्याचा डबा, तांब्याची तार, यांचंही तसंच. आपण सकाळी आठला जाऊन जे उचलतो ते म्हणजे ज्याला भंगाराच्या दुकानात भाव नाही ते. वेफर्सची रिकामी पाकिटं, शांपूच्या पुड्या, कान कोरायच्या काड्या, दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापून टाकलेला तो इवलासा कोपरा. पाकिटाच्या एकाच कागदात प्लॅस्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की ते पुन्हा वेगळे करणं परवडत नाही. म्हणून ते कोणी विकत घेत नाही, म्हणून ते आमच्यासाठी उरतं. बंदीच्या तारखाही तिथे वाचता येतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ पासून. प्लॅस्टिकच्या काडीवर कापूस लावलेल्या कानकोरण्यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून. आम्ही ही सगळी मंडळी एकाच गोणीत भरली आहेत, आणि पुडी तर चांगली करकरीत, कालपरवाची.

आता ज्या दिवसासाठी हा लेख लिहायला घेतला त्या दिवसाकडे येते.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा जगभर किनारा स्वच्छता दिन म्हणून पाळतात. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर त्याची सुरुवात झाली. त्या लोकांनी एक चांगली सवय लावली. कचरा नुसता उचलायचा नाही, काय काय उचललं ते तक्त्यात लिहायचं. मला ती पद्धत फार आवडते. पुढे आमच्या घटकातही आम्ही ती सुरू केली, आणि एका वहीत ‘चपला: अकरा, सगळ्या एकेकट्या’ अशी नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे.

२०२५ साली तो शनिवार २० तारखेला आला. कार्यक्रम मोठा होता. चार कॉलेजांचे विद्यार्थी, मंडप, ध्वनिक्षेपक, टोप्या, पाहुणे. वेळ आठची. मी सहाला उठले तर आई घरातच, चुलीपाशी नव्हे पण गॅसपाशी, निवांत. तिची नायलॉनची पिशवी खिळ्याला टांगलेली.

“गेली नाहीस?”

“आज हजेरी न्हाई. आठ बायकांना नगं म्हनलाय मुकादम. तुमी पोरं येनार न्हवं? मग म्हनं एवढ्या बायका कशाला.”

ती हे रागाने म्हणाली नाही. पाऊस आहे, आज कपडे वाळणार नाहीत, अशा आवाजात म्हणाली. मग तिने तिथीची आठवण करून दिली. चतुर्दशी होती. “साडेधाला भरती. आठला जाऊन तुमी काय गोळा करनार?”

मी गेले. पाहुणे साडेनऊला आले. तोपर्यंत आम्हाला मंडपासमोर रांगेत उभं केलेलं होतं, कारण गोण्या कोऱ्या दिसायला हव्या होत्या. भाषणं झाली. पाहुण्यांनी एक बाटली उचलली. ती बाटली तिथे कुठून आली याविषयी मला माझी शंका आहे, पण ती इथे सांगत नाही. छायाचित्र घेताना, हजेरीवर असलेल्या ज्या थोड्या बायका मागे फावडी घेऊन उभ्या होत्या, त्यांना छायाचित्रकार म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का?” त्या झाल्या. दहाला पाणी भरतीच्या रेघेला येऊन टेकलं. भरतीची रेघ म्हणजे किनाऱ्यावर काटक्याकुटक्या आणि प्लॅस्टिकची जी लांबच लांब ओळ दिसते ती; खरा कचरा तिथे असतो. लाटांनी आमच्या देखत ती ओळ उचलली आणि आत नेली. आम्ही टोप्या घालून पाहत होतो.

प्रमाणपत्रं लगेच वाटली. त्यावर माझं नाव होतं आणि ‘निःस्वार्थ श्रमदान’ असे शब्द होते. मी घरी आणून ते आईच्या हातात दिलं. ती अक्षर अक्षर लावून वाचते. ‘निःस्वार्थ’पाशी तिला जरा वेळ लागला. विसर्गाने अडवलं असावं. मग ती म्हणाली, “फायलीत ठिव. नोकरीला लागंल.”

त्या दिवशी आठ घरांत एका दिवसाची रोजी आली नाही. माझं प्रमाणपत्र त्या बदल्यात आलं होतं, असा हिशेब मांडणं कदाचित अन्यायाचं होईल. पण पाऊणपट न येणाऱ्या मुलीलाही हा हिशेब मांडता येत होता. रात्री मला झोप लागली नाही. मी गाडगेबाबांचा विचार करत होते, कारण भाषणात पाहुण्यांनी त्यांचं नाव दोनदा घेतलं होतं. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. पंढरपूरच्या वाळवंटात यात्रेनंतर ते झाडत. पायाला कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी झाडलं म्हणून एखाद्या झाडूवालीची भाकर गेली असं कोणी सांगत नाही. बाबांना मुकादम नव्हता, हाही फरक आहेच.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. आमच्या घटकात तीसेक मुलं-मुली नियमित येतात आणि बोलायला कोणी कमी नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणाला, “रोजी कापली तो दोष कंत्राटाचा. आपण किनारा झाडणं बंद केलं तर दोष जाणार आहे का? उलट कचरा राहील.” त्याचं म्हणणं मला पटलं आणि पुरलं नाही. एका मुलीने वर्सोव्याचं उदाहरण दिलं. ते उदाहरण खरोखर मोठं आहे. अफरोज शाह या तरुण वकिलाने २०१५ च्या ऑक्टोबरात एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे दर शनिवार-रविवारी माणसं येत गेली, २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघून समुद्राकडे चालत गेली. कितीतरी वर्षांत तिथे तसं घडलं नव्हतं. “हे स्वयंसेवकांनीच केलं ना?” ती म्हणाली.

केलं, यात वाद नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की ते लोक दर आठवड्याला आले. २०१७ च्या नोव्हेंबरात, उचललेला कचरा वेळेवर हलत नाही म्हणून त्यांनाही काम थांबवावं लागलं होतं. नंतर ते पुन्हा सुरू झालं. उचललेल्या गोणीचं पुढे काय होतं, ती कोण नेतं, कुठे टाकतं, हे विचारल्याशिवाय किनारा स्वच्छ राहत नाही हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे तर गोणीला गाठ मारली की टोप्या काढून चहा. मुंबईचा कचरा कुठे जातो? देवनारला १९२७ पासून जातो, आणि आता बराचसा कांजूरमार्गला. दोन्ही जागा ठाणे खाडीच्या काठावर. म्हणजे शहराच्या पश्चिमेच्या पाण्यातून काढायचं आणि पूर्वेच्या पाण्याशेजारी नेऊन रचायचं. तिथे समोरच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा तो भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ते पक्षी मी बसमधून एकदाच पाहिले आहेत. लांबून गुलाबी कापड वाळत घातल्यासारखे वाटले.

बैठक लांबली. कोणी म्हणालं, आपण पैसे गोळा करून आठ जणींना देऊ. हे मला अजिबात आवडलं नाही, आणि आईला सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. सर बराच वेळ ऐकत होते. ते फारसे बोलणारे नाहीत. शेवटी त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, “पत्र तूच लिही. मी सही करतो.”

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं औपचारिक पत्र. आमच्या घरातून आजवर कोणत्याही कार्यालयात जे गेलं, ते अंगठा किंवा सही होऊन गेलं; लिहिलेलं नेहमी दुसऱ्याचं असायचं. मी पाच मसुदे फाडले. मराठीच्या बाईंनी एकदा ‘कृपया’ दोन ठिकाणचं काढायला लावलं. पत्रात मागणी एकच होती. ज्या दिवशी आमचे स्वयंसेवक येतील त्या दिवशी किनाऱ्यावरच्या सर्व महिला कामगारांची हजेरी पूर्ण लावली जावी. त्यांच्या मार्गदर्शनाशिवाय आमच्या विद्यार्थ्यांना काम करता येत नाही, सबब हजेरी कमी असल्यास आमचे स्वयंसेवक येऊ शकणार नाहीत. ‘मार्गदर्शन’ हा शब्द मी मुद्दाम घातला. तो खराही होता. सरांनी कार्यालयीन शिक्का मारून पत्र योग्य ठिकाणी पोचवलं.

लेखी उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते डिसेंबरात.

६ डिसेंबरला आई कधीच कामावर नसते. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून रांगेत असते. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसं शिवाजी पार्कात उतरतात, रात्र रात्र रांगेत उभी राहतात आणि जाताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन जातात. माझा मराठी शब्दकोशही तिथल्याच एका टेबलावरून आलेला आहे. १९५६ साली ७ डिसेंबरला याच दादरच्या वाळूवर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. त्याच महिन्याच्या २० तारखेला गाडगेबाबा गेले. आई ६ तारखेला रांगेत असते आणि ७ तारखेला पहाटे त्याच जागी फावडं घेऊन. “आपल्याच मानसांचं हाय, आपन नाय तर कोन?” असं ती म्हणते, आणि त्यावर मी तिच्याशी दरवर्षी भांडते. माझं म्हणणं असतं की लाखो माणसं येणार हे वर्षभर आधी माहीत असतं, तर पुरेशा कचरापेट्या आणि पुरेसे हात ठेवणं ही तिच्या भक्तीवर सोडायची बाब नाही. ती म्हणते, तू शिकलीस, तू भांड. मग चहा करते.

२०२५ च्या ७ डिसेंबरला रविवार होता. तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती आणि सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. आम्ही साडेसहाला पोचलो. मुकादम हजेरीची वही घेऊन चैत्यभूमीजवळ उभा होता. मी लांबूनच मोजलं. सगळ्या बायका होत्या. एकही कमी नव्हती. मुकादमाने मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो काही वाईट माणूस नाही, त्याच्यावरही कोणीतरी मुकादम असतोच.

त्या दिवशी मंडप नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. एकेका मावशीबरोबर तीन-तीन विद्यार्थी अशी वाटणी आईने आणि तिच्या एका जोडीदारणीने केली. हातमोज्यांचं खोकं आम्ही आधी मावशींपुढे धरलं. दोघींनी घेतले, बाकीच्यांनी हात झटकले. मोजे घातले की सुई-काच कळत नाही म्हणाल्या. मग आमच्या अर्थशास्त्राच्या मित्राने जाड रबरी मोजे कुठे मिळतात याची चौकशी केली आणि आता तो त्या मागणीच्या पत्राचा मसुदा लिहितो आहे. त्याचे चार फाडून झाले आहेत.

कामाच्या वाटणीतही थोडा फरक झाला. जड ते मावशी आणि मुलगे करतात. आम्ही मुली बारीक वेचायचं काम करतो. पुड्या, काड्या, झाकणं, थर्माकोलचे दाणे. आठ तासांच्या कामात मावशींना त्याला वेळ मिळत नाही, मुकादमालाही ते दिसत नाही, पण वाळूत ते राहतं तसं दुसरं काही राहत नाही. एक चाळण आम्ही बांधकामाच्या जागेवरून मागून आणली आहे. चाळणीत वाळू टाकून हलवायची. खाली वाळू पडते आणि वर रंगीबेरंगी कण राहतात, लग्नात उधळतात तसे. मी त्यांची नोंद करायचा प्रयत्न केला, पण तक्त्यात त्यांना नाव नाही. शेवटी ‘बारीकसारीक, दीड ओंजळ’ असं लिहिलं.

गणेशोत्सवाच्या आधी आणखी एक बेत आहे. विसर्जनाच्या रात्री आमच्यातले निम्मे जण पाण्याच्या काठाला उभे राहणार. निर्माल्य कलशात टाका, मखर घरी न्या, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं. पाण्यात गेलेलं बाहेर काढण्यापेक्षा ते जाऊ न देणं सोपं आहे असं कागदावर तरी दिसतं. ढोल-ताशांच्या आवाजात आमचं कोण ऐकेल ही वेगळी गोष्ट. एका मुलीने सुचवलं की हे सांगायला आईला बरोबर घ्यावं, तिचा आवाज चौपाटीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “त्या रातीची हजेरी लावनार असंल तर येते.”

या सत्रातला कार्यक्रम सरांनी ८ फेब्रुवारीला, रविवारी, सकाळी सातला ठरवला होता. फलकावर सूचनाही लागली. मी घरी सांगितलं. आई कणीक मळत होती. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वर करून पाहिलं.

“सप्तमी हाय,” ती म्हणाली. “सव्वापाचला भरती. सातला पानी भितीपासनं हाललेलं नसंल. १९ तारखेला करा. शिवजयंतीची सुटी हाय, द्वितीया हाय, साडेसातला चांगली ओहोटी मिळंल.”

दुसऱ्या दिवशी मी फलकावरची तारीख खोडली.